विषारी वाळवंटी टोड आणि आपली लहान मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण ॲरिझोनात उन्हाळ्याचा पहिला पाऊस पडला, की दोनच दिवसांत मला फोन यायला लागतात. मी टूसॉनमध्ये राहते, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते आणि रविवारी आपल्या मुलांचा मराठी वर्ग घेते. प्रश्न दरवर्षी तेच असतात, इथल्या विषारी टोडबद्दल, म्हणजे आपण ज्याला बेडूकच म्हणू त्या प्राण्याबद्दल. काही पालकांचे, तर काही त्याच महिन्यांत नातवंडांकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांचे. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. तुमच्या मुलाने आत्ताच टोड तोंडात घातला असेल, तर बाकीचं वाचत बसू नका. आधी विषबाधा केंद्राला फोन करा: १-८००-२२२-१२२२. मूल बेशुद्ध असेल, त्याला झटके येत असतील किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर थेट ९११, हा इथला तातडीच्या मदतीचा नंबर.

हा नेमका कोणता प्राणी? ओळखायचा कसा?

याला सोनोरन डेझर्ट टोड म्हणतात. कोलोरॅडो रिव्हर टोड हे त्याचंच दुसरं नाव. शास्त्रीय नाव इन्सिलियस अल्व्हारियस. अमेरिकेत मूळचे जेवढे टोड आहेत, त्यांतल्या सर्वांत मोठ्यांपैकी हा एक. लांबी सात इंचांपर्यंत जाते, म्हणजे मोठ्या माणसाचा पंजा झाकून टाकेल एवढा. रंग शेवाळी हिरवा किंवा तपकिरी, पोट सायीसारखं फिकट. इतर टोडांची पाठ खरखरीत, फोडाफोडांची असते. याची कातडी मात्र बरीच गुळगुळीत, ओलं चामडं असावं तशी.

दोन खुणा लक्षात ठेवा. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लांबट, फुगीर गाठी असतात, आणि तशाच मोठ्या गाठी मागच्या पायांवरही. विष त्यांतच असतं. दुसरी खूण म्हणजे तोंडाच्या कोपऱ्याजवळचा पांढरा फोड, कधी एक तर कधी दोन-तीन. माझ्या वर्गातली मुलं त्याला ‘तोंडाला शीत लागलेला टोड’ म्हणतात. जेवताना गालाला भाताचं शीत चिकटतं ना, अगदी तसंच दिसतं ते. ही खूण मुलांना एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नाही.

पण मुलांनी जात ओळखून मग वागावं, अशी अपेक्षा ठेवू नका. लहान वयाचे टोड ठिपकेदार असतात आणि अंधारात मोठ्यांचीही गफलत होते. मुलांसाठी नियम एकच: कुठलाही टोड, कुठलाही बेडूक, हात लावायचा नाही.

मराठीत याला बेडूक म्हणायचं की दुसरं काही?

पुस्तकी मराठीत टोडला ‘भेक’ हा शब्द आहे, पण घरात तो कुणी बोलत नाही. आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो. इथली मुलं शाळेतून ‘टोड’ शब्द घेऊन येतात, तर घरीही टोडच म्हणा. धोक्याची सूचना ज्या शब्दाने द्यायची, तो शब्द मुलाच्या जिभेवरचा हवा. भेक शिकवायचा असेल तर जरूर शिकवा, पण डिसेंबरात.

तो कधी आणि कुठे दिसतो?

सोनोरन वाळवंट हे त्याचं घर: दक्षिण ॲरिझोना, न्यू मेक्सिकोचा नैर्ऋत्य कोपरा आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतलं सोनोरा आणि त्याच्या दक्षिणेचा थोडा भाग. कॅलिफोर्नियात कोलोरॅडो नदीकाठी तो पूर्वी होता, आता तिथून जवळजवळ नाहीसाच झाला आहे.

वर्षातला मोठा काळ तो जमिनीखाली, बहुतेकदा उंदीर-खारींच्या बिळांत असतो. मेच्या शेवटी-जूनमध्ये बाहेर पडायला लागतो आणि पाऊस आला की खऱ्या अर्थाने हिंडू लागतो. इथला मान्सून हवामान खात्याच्या हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर. नाव तेच असलं तरी आपल्यासारखी झड लागत नाही. संध्याकाळी ढग उठतात, तासभर कोसळतात आणि मोकळे होतात. त्या रात्री ओढ्यांत, खड्ड्यांत, गटारांत पाणी साचतं आणि टोड तिथे जमतात.

आपल्या घराशी त्याचा संबंध येतो तो दिव्यामुळे आणि पाण्यामुळे. अंगणातल्या दिव्याखाली किडे गोळा होतात, म्हणून टोडही तिथे येऊन बसतो. झाडांना पाणी घातलेली ओली माती, स्विमिंग पूलची कड आणि रात्री बाहेर राहिलेलं कुत्र्याचं पाण्याचं भांडं या त्याच्या आवडत्या जागा. अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंतची वेळ सांभाळायची. पाऊस झाल्यावर ढगाळ सकाळीही एखादा रेंगाळलेला दिसतो.

तो चावतो का? अंगावर येतो का?

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. मराठीत आपण नागालाही विषारी म्हणतो, विंचवालाही आणि या टोडलाही. मुलाच्या डोक्यात ‘विषारी’ म्हणजे चावणारा, डंख मारणारा. टोडला ना विषाचे दात, ना नांगी. तो कुणाच्या अंगावर धावून येत नाही. कुणी पकडलं, दाबलं, तोंडात धरलं, तर त्याच्या गाठींतून पांढरट, चिकट, दुधासारखा रस येतो. तो रस पोटात गेला किंवा डोळ्यांत गेला की बाधा होते. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि मेंदूवर परिणाम करणारीही.

वर्गात मी हे असं दाखवते. भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा तांदळाच्या पेजेत बुडवायचा आणि हिरव्या कापडाच्या टोडच्या पाठीवर, डोळ्यांच्या मागे शिवलेल्या खिशात ठेवायचा. टोड टेबलावर ठेवायचा. मुलं भोवती बसतात. मी विचारते, ‘काही येतंय का बाहेर?’ काहीच येत नाही. मग मी बोटाने दाबते आणि कापडातून पांढरा थेंब वर येतो. दरवेळी वर्ग एकदम शांत होतो. गेल्या वर्षी एक चार वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, ‘त्याला दाबलं म्हणून तो रडला.’ मी तिला दुरुस्त केलं नाही. शास्त्र थोडं सैल झालं असेल, पण तिला जे कळायला हवं होतं ते पूर्ण कळलं होतं: टोडला त्रास दिला तरच ते पांढरं येतं.

घरी सांगताना वाक्य साधं ठेवा: ‘त्याच्या अंगावर विष आहे. तो तुला काही करणार नाही. आपण त्याला हात लावायचा नाही.’

घाबरवून ठेवलेलं बरं नाही का? निदान जवळ तरी जाणार नाही.

नाही. मी दोन्ही प्रकारची मुलं पाहिली आहेत. एका मुलाला घरच्यांनी सांगितलं होतं, टोड येऊन पाय खाईल. तो पूर्ण जुलै-ऑगस्ट अंगणात उतरला नाही, आणि रात्री बाथरूमला जाताना आईला उठवायचा. दुसऱ्या मुलाला सांगितलं होतं की तो चावतो. मग एका संध्याकाळी त्याने टोड पाहिला. पाच मिनिटं पाहिला. टोड नुसता बसून होता, गळ्याखालची कातडी तेवढी हलत होती. मुलाने ठरवलं की मोठी माणसं खोटं बोलतात, आणि टोड दोन्ही हातांनी उचलून आईला दाखवायला घरात आणला. नशीब, तिने आरडाओरडा न करता टोड बादलीत सोडायला लावला आणि मुलाचे हात साबणाने धुतले.

खोटी भीती मुलं स्वतः तपासून पाहतात. आणि एक गोष्ट खोटी निघाली की तिच्याबरोबर सांगितलेली खरी गोष्टही जाते. बागुलबुवा उभा करण्यापेक्षा खरं कारण सांगा. तीन वर्षांच्या मुलालाही कारण समजतं, फक्त ते छोटं हवं.

मग नुसतं ‘हात लावू नको’ सांगितलं तर पुरे का?

पुरत नाही. ‘नको’ म्हटल्यावर काय करायचं, हे त्या वाक्यात नाही. मुलाच्या हातांना काही तरी काम लागतं. म्हणून आम्ही तीन गोष्टी शिकवतो आणि त्याच क्रमाने: थांब. हात पाठीमागे. हाक मार.

हे तोंडी सांगून होत नाही, करून घ्यावं लागतं. कापडाचा टोड, उलटी वाटी, काहीही चालेल. संध्याकाळी अंगणात ठेवा, मुलाला चालत येऊ द्या, त्याने थांबायचं, हात मागे बांधायचे आणि जोरात ‘आई, टोड!’ किंवा ‘आजी, टोड!’ म्हणून हाक मारायची. हाक मारली की तुम्ही खरंच उठून जायचं, हे विसरू नका. दोनदा हाक मारूनही कुणी आलं नाही, तर तिसऱ्यांदा मूल स्वतःच काय ते बघतं. आठवड्यातून दोनदा, असं पंधरा दिवस करा. जूनच्या सुरुवातीलाच सुरू केलं तर पाऊस येईपर्यंत अंगवळणी पडतं.

इथे एक सूचना आपल्या लोकांसाठी खास. आपल्याला शाळेपासून ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ची सवय आहे आणि आजी-आजोबा मुलांना शांत उभं करायला पटकन तेच म्हणतात. टोडच्या बाबतीत ते नको. बोट तोंडाकडे न्यायचंच नाही, हाच तर आपला धडा आहे. हात पाठीमागेच.

कोणत्या वयापासून सांगायला सुरुवात करावी?

रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालायला लागलेल्या बाळाला सांगून उपयोग नाही. या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. तिथे राखणच हवी. अंधार पडल्यावर बाळाला अंगणात खाली सोडू नका, आणि सकाळी सोडण्याआधी कुंड्यांमागे, पायरीखाली नजर टाका.

दोन वर्षांच्या पुढे ‘बघायचं, हात नाही’ एवढं चालतं. चार-पाच वर्षांची मुलं विष म्हणजे काय, ते कुठे असतं, टोडला ते का लागतं, हे सगळं विचारतात. त्यांना सगळं सांगा. सहा वर्षांचं मूल धाकट्या भावंडाला शिकवू शकतं. ते काम त्याला मुद्दाम द्या, त्याचा स्वतःचाही धडा पक्का होतो.

टोडला विष का असतं, असं मूल विचारतं. काय सांगू?

त्याला धावता येत नाही, नखं नाहीत, शिंगं नाहीत. एवढंच त्याच्याजवळ आहे. ज्या मुलाला रॅकून (इथला रात्री फिरणारा एक प्राणी) माहीत आहे, त्याला पुढचीही गंमत सांगा. काही रॅकून टोडला मागचा पाय धरून बाहेर ओढतात, उताणा करतात आणि पोटाकडून खातात, म्हणजे पाठीच्या गाठी टळतात.

आणि टोडच्या बाजूचं कारणही सांगा, मला तेच जास्त आवडतं. टोड तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूला, मांड्यांच्या मध्ये पातळ कातडी असते. तो ओल्या मातीत बूड टेकून बसतो आणि तिथून पाणी शोषून घेतो. मुलं यावर पोट धरून हसतात, हसू द्या. मग हळूच सांगा: त्याची कातडी सगळंच शोषून घेते. तुझ्या हाताला सनस्क्रीन आहे, तेल आहे, साबण आहे. तू हात लावलास तर ते त्याच्या अंगात जाईल. त्याचं तुला बाधतं आणि तुझं त्याला बाधतं. हा मुद्दा पटला की मूल इतरांनाही अडवायला लागतं.

बेडकाला पापी दिली की राजपुत्र होतो, ती गोष्ट सांगायची की नाही?

जून ते सप्टेंबर नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला गोष्ट आणि अंगण यांत फरक करता येत नाही. माझ्या वर्गात एका मुलीने वाटीखालच्या कापडी टोडला उचलून पहिल्यांदा पापीच दिली होती. तेव्हापासून मी ती गोष्ट पाऊस संपल्यावरच सांगते.

त्याऐवजी कोणती गोष्ट सांगू?

याच मातीतली एक आहे. याकी हा इथला मूळचा आदिवासी समाज. त्यांची मूळ वस्ती सोनोरात याकी नदीकाठी, आणि टूसॉनजवळही ते राहतात. त्यांच्या गोष्टीत असा दुष्काळ पडतो की नदी-विहिरी आटून जातात. पावसाचा स्वामी युकू वर आकाशात. त्याच्याकडे पाणी मागायला पक्षी पाठवतात, पण ते परत पोचत नाहीत. शेवटी बोबोक नावाचा टोड जातो, वटवाघळाचे पंख उसने लावून. पाऊस त्याच्या मागे लागतो, आणि पावसाला आपल्या मागे मागे आणत बोबोक पृथ्वीवर उतरतो.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. विदर्भात माझ्या आजोळी पाऊस लांबला की पोरं धोंडी काढायची. कडुलिंबाचा पाला अंगाला बांधून दारोदार फिरायची, मुसळाला बेडूक बांधलेला असायचा आणि बायका वरून पाणी ओतायच्या. बेडकाचे हाल व्हायचे, आणि ती बाजू मी मुलांना सांगतेच. पण कोरड्या मुलखातल्या दोन समाजांनी, एकमेकांना कधी न पाहता, पाऊस आणायचं काम याच प्राण्यावर सोपवलं, हे आपल्या इथल्या मुलांना कळावं असं मला मनापासून वाटतं. बोबोकची गोष्ट ऐकलेलं मूल टोडकडे पाहुण्यासारखं बघतं. पाहुण्याला कुणी पकडत नाही.

मुलाने हात लावला. आता?

घाबरू नका. निव्वळ स्पर्शाने सहसा काही होत नाही. हात तोंडाला, डोळ्यांना लागू न देता लगेच साबणाने भरपूर पाण्यात धुवा, नखांखालीही. कपड्यांना चिकट काही लागलं असेल तर ते बदला. हाताला जखम किंवा ओरखडा असेल, किंवा हात धुण्याआधी तोंडात गेला असेल, तर विषबाधा केंद्राला विचारून घ्या. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि प्रश्न क्षुल्लक आहे म्हणून कुणी रागावत नाही.

रागावू तुम्हीही नका. रागावलात तर पुढच्या वेळी मूल लपवेल, आणि लपवलेला स्पर्श सांगितलेल्या स्पर्शापेक्षा फार धोक्याचा.

चाटला, तोंडात घातला, किंवा रस डोळ्यांत गेला तर?

तोंड: ओल्या स्वच्छ फडक्याने जीभ, गाल, हिरड्या आतून पुसा. चूळ भरून थुंकता येत असेल तर भरायला लावा, पाणी गिळू देऊ नका. उलटी करवू नका. हळद, मीठ-पाणी, तूप असलं काही देऊ नका. आजीच्या बटव्याला मी मान देते, पण हे त्याचं काम नाही. लगेच १-८००-२२२-१२२२ लावा आणि ते सांगतील तसं करा. इंग्रजीत बोलायचा संकोच असेल तर दुभाषा मागता येतो.

डोळे: कोमट पाण्याची सावकाश धार धरून पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग फोन.

तोंडाला फेस किंवा खूप लाळ, ओकाऱ्या, विचित्र बडबड, भास, अडखळत चालणं, झटके, गुंगी, यांपैकी काही दिसलं तर ९११. पाच वर्षांच्या मुलाला असा टोड चाटल्यावर झटके आल्याची नोंद १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. असं क्वचितच घडतं, पण घडतं, आणि लहान शरीराला थोडं विषही जास्त होतं.

आजी-आजोबा दिवसभर मुलांबरोबर एकटे असतील, तर हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत फ्रीजवर चिकटवा. शेजारी घरचा पूर्ण पत्ताही लिहा. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

घरात कुत्रा आहे. त्याला काय धोका?

खरं तर मुलांपेक्षा कुत्र्यांनाच जास्त बाधा होते, कारण ते तोंडानेच पकडतात. आमच्या कुत्र्याने तीन वर्षांपूर्वी जुलैत टोड धरला. रात्रीचे नऊ वाजले होते. तो आत आला तेव्हा मान झटकत होता, तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या, आणि ओठ वर करून पाहिला तर हिरड्या डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लाल. अंगणातली पाण्याची नळी तोंडात बाजूने धरली, नाक खाली ठेवलं, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर पडावं. बरीच मिनिटं धुतलं, मधेमधे फडक्याने हिरड्या पुसल्या आणि तसंच त्याला तातडीच्या दवाखान्यात नेलं. सकाळपर्यंत तो सावरला. सगळेच सावरत नाहीत.

त्या गडबडीत माझी मुलगी त्याला मिठी मारायला धावली होती. हे ध्यानात ठेवा: त्या वेळी कुत्र्याच्या तोंडाला, लाळेला विष लागलेलं असतं. एका मोठ्या माणसाने मुलांना घेऊन दुसऱ्या खोलीत जायचं.

संध्याकाळी पाण्याचं आणि खाण्याचं भांडं आत घ्या. त्या पाण्यात टोड बसून गेला असेल तर विष पाण्यातही उतरू शकतं. सकाळी बाहेर राहिलेलं पाणी ओतून भांडं घासल्याशिवाय पुन्हा वापरू नका, आणि मुलांना त्या भांड्यात हात घालू देऊ नका.

अंगणात टोड येऊन बसला आहे. मारावा का? मीठ टाकावं का?

दोन्ही नको. गावाकडे बेडकावर मीठ टाकून हुसकतात. मी लहानपणी पाहिलं आहे, आणि टाकलंही आहे. आता कातडीचं काम कळल्यावर त्याचं फार वाईट वाटतं. मीठ त्याला भाजतं.

या टोडच्या पोटात काय जातं ते पाहा: भुंगेरे, कोळी, पाली-सरड्यांची पिल्लं, छोटे उंदीर आणि विंचू. ज्या अंगणात आपण विंचवाला घाबरून मुलांना बूट झटकून घालायला शिकवतो, तिथे हा रात्रभर विंचू शोधत फिरतो.

हलवायचाच असेल तर मोठ्या माणसाने जाड रबरी हातमोजे घालावेत, किंवा आडवी बादली समोर धरून झाडूने हळूच आत सरकवावा, आणि कुंपणाबाहेर जवळच सोडावा. अंगणातला दिवा बंद ठेवला की किडे कमी होतात आणि टोडचं येणंही कमी होतं. पूलच्या गाळणीच्या टोपलीत रोज सकाळी मोठ्यांनी बघावं, कधी कधी तिथे टोड अडकलेला असतो.

हात लावला की चामखीळ येते, असं मुलगी शाळेतून ऐकून आली.

येत नाही. चामखीळ विषाणूमुळे येते, टोडमुळे नाही. ‘मग हात लावू का?’ हा पुढचा प्रश्न लगेच येतो, तेव्हा खरं कारण तयार ठेवा.

मोठी भावंडं म्हणतात, हा टोड चाटला की नशा चढते.

हे कानावर आलं तर विषय टाळू नका. या टोडच्या रसात पाच-मिओ-डीएमटी नावाचं द्रव्य आहे, त्याच्यामागे लोक लागले आहेत. अमेरिकेत ते २०११ पासून अमली पदार्थांच्या सर्वांत कडक निर्बंधाच्या यादीत आहे. चाटल्याने मात्र पोटात जातं ते हृदयावर परिणाम करणारं विषसुद्धा. २०२२ साली इथल्या राष्ट्रीय उद्यान खात्याला लोकांना जाहीर विनंती करावी लागली की उद्यानातले टोड चाटू नका.

दहा-बारा वर्षांच्या मुलाशी हे स्पष्ट बोला, धाकट्यांसमोर नको. आणि घरी कुणी पाहुण्याने गंमत म्हणून हा विनोद केला, तर त्याला तिथेच थांबवा. चार वर्षांचं मूल विनोद ऐकत नाही, ते फक्त ‘टोड चाटतात’ एवढंच ऐकतं.

मुलांना टोड बघायचा आहे. दाखवू का?

जरूर दाखवा! माझं तर मत आहे की एकदा नीट पाहिल्याशिवाय नियम रुजतच नाही. पाऊस थांबल्यावर रात्री आठ-साडेआठला अंगणात या, बंद बूट घाला, हातात टॉर्च घ्या. उजेड थेट डोळ्यांवर न टाकता बाजूला टाका आणि चार-पाच पावलं लांब थांबा. तो किडा गिळतो तेव्हा पाहा, डोळे मिटतात आणि आत खोल जातात. गिळायला मदत म्हणून तो डोळ्यांची बुबुळं आत ओढून घास खाली ढकलतो. माझ्या वर्गातली मुलं डबा खाताना तसं करून बघतात.

कान देऊन ऐका. आपल्याला बेडूक म्हटलं की डराव डराव हवं असतं. हा एवढा मोठा टोड, पण त्याचा आवाज बारीक आणि क्षणभराचा. पाण्याकडून मेंढरं ओरडल्यासारखा गोंगाट येतो तो काऊचेस स्पेडफूट नावाच्या दुसऱ्या, छोट्या टोडचा. त्याची पिल्लं आठवड्याभरात डबक्यातून बाहेर पडू शकतात, कारण डबकं त्याहून जास्त टिकेलच असं नाही.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात, ज्याला इथे वॉश म्हणतात, तिथे मात्र पावसाच्या दिवसांत मुलांना नेऊ नका. लांब कुठे तरी पाऊस पडतो आणि लोंढा इथे येतो. रात्री रॅटलस्नेक हे विषारी सापही फिरत असतात. अंगण पुरेसं आहे. अंगणात न दिसल्यास टूसॉनच्या ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियममध्ये जा. वाळवंटातले प्राणी तिथे काचेआड अगदी जवळून बघता येतात.

डबक्यातली अंडी किंवा बेडूकमासे बरणीत घरी आणले तर?

आणू नका. टोडची अंडी लांब माळेसारखी असतात, एका मादीची हजारोंनी. टोडांच्या अंड्यांतही विष असतं. तिथेच वाकून बघा.

मेलेला, वाळलेला टोड सापडला तर धोका नाही ना?

आहे. विष वाळल्यावरही राहतं. पावसाळ्यात रस्त्यावर गाडीखाली सापडलेले बरेच दिसतात, आणि मुलांना ते काठीने उलटून बघायचे असतात. बघू द्या, पण दुरून. अंगणातला फावड्याने उचलून पिशवीत बांधून टाका.

सुट्टीत भारतात गेल्यावर हाच नियम ठेवायचा का?

हो. महाराष्ट्रात घराच्या पायरीवर, न्हाणीच्या मोरीपाशी येऊन बसणारा खरखरीत अंगाचा टोड वेगळ्या जातीचा आहे, एवढा मोठाही नाही, पण त्याच्याही डोळ्यांमागे तशाच गाठी आहेत आणि त्यांतही विष आहे. आपण लहानपणी त्यांच्यामधून अनवाणी फिरलो आणि काही झालं नाही, असं आजोबा म्हणतील. खरंच आहे ते, कारण आपण त्यांना पकडलं नाही. नातवंडांना तेवढंच सांगा.

सप्टेंबर संपला. आता हा विषय बंद?

टोडपुरता हो, मुलांच्या प्रश्नांपुरता नाही. ‘तो आता कुठे आहे? त्याला थंडी वाजते का? पुढच्या वर्षी तोच येईल का?’ हा टोड दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, त्यामुळे तोच येणं अगदी शक्य आहे. आमच्या कुंडीमागे बसणाऱ्याच्या उजव्या पायाचं एक बोट नाही. सलग चौथ्या पावसाळ्यात मुलीने तो ओळखला. हात पाठीमागे बांधूनच तिने मला हाक मारली: ‘आई, आपला आला.’